कांड्या का भाजायच्या

खंडेनवमीला कुपवाडची औद्योगिक वसाहत गप्प असते. लेथ, ड्रिल, प्रेस, सगळं धुऊनपुसून, तेलाचा हात फिरवून, झेंडूच्या माळा घालून बसवलेलं असतं. फाटकासमोर कोहळा कापलेला, त्यात कुंकू ओतलेलं. हत्यारानं त्या दिवशी बसायचं, असा रिवाज. एक आमचीच शेड अशी की तिचा धूर ओढणारा पंखा त्या दिवशीही घरघरत असतो. आमची भट्टी बंद ठेवता येत नाही. आतला मिठाचा रस गोठला की मूस तडकते, आणि मूस तडकली की सगळं पहिल्यापासून.

शेजारच्या लेथवाल्या चाचांना हा पंखा खुपतो. "सणाच्या दिवशी तरी मशीनला दम घेऊ द्या, मीठवाले," असं ते दरवर्षी म्हणतात. मला मात्र गेल्या वर्षापासून त्या पंख्याचा आवाज वेगळ्या कारणानं सोसवत नाही. यंदा तर पितृपंधरवडा सुरू झाला तेव्हाच माझं जेवण कमी झालं. घटाला आता किती दिवस, नवमीला किती, हे मन आपोआप मोजायला लागलं. बायको विचारायची, "काय हुतंय तुमाला?" मी म्हणायचो, पित्त.

मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक त्याला गंभीर स्वभाव म्हणतात. तो स्वभाव नव्हता, हेच मला सांगायचं आहे.

आधी आमचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ग्रॅफाइटच्या मुशीत आम्ही तीन-चार जातींची मिठं एकत्र वितळवतो. खाण्याचं मीठ त्यातलं एक, बाकीची वेगळी. वितळली की ती पाण्यासारखी पातळ होतात, फक्त हे पाणी केशरी उजळलेलं असतं आणि त्याच्याकडे उघड्या तोंडानं वाकून बघायचं नसतं. त्या रसात एक ग्रॅफाइटची कांडी सोडायची आणि वीज चालू करायची. विजेनं मिठातलं टायटॅनियम आणि बोरॉन सुटं होतं आणि कांडीवर एकत्र येऊन काळ्या शेवाळासारखं वाढत जातं. कांडी वर काढली की तिला जटा आल्यासारख्या दिसतात. ते खरवडायचं, आम्लात आणि पाण्यात धुवायचं. मीठ विरघळून जातं आणि खाली राखाडी भुकटी उरते. ही भुकटी म्हणजे सिरॅमिक. सिरॅमिक म्हटलं की लोकांना कपबशी आठवते, पण हे पोलादावर ओरखडा काढतं. त्याच्या वड्या बनवून त्यावर ॲल्युमिनियमची वाफ करतात, आणि ती वाफ प्लॅस्टिकवर बसवतात. बायकोला मी कधी काळी सांगितलं होतं, "तुझ्या भडंगाच्या पाकिटाच्या आतली चांदी आमच्या पावडरीवरून येते." ती म्हणाली, "आणि भडंग कुठनं येतो त्ये सांगा, चांदीला काय चाटायचंय?"

हे काम मी साताऱ्याला शिकलो. शिकलो म्हणजे, कोणी शिकवलं नाही. तिथल्या एका छोट्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून होतो. मालक मिठाच्या पोत्यांवरची नावं पुसून टाकायचे, तापमानाचा आकडा दाखवणाऱ्या डब्यावर फडकं टाकायचे. मी तरीही डोळ्यांनी सगळं उचललं. फडकं वाऱ्यानं हलायचं तेवढ्यात आकडा वाचायचा. पोत्याच्या शिलाईला अडकलेले चार खडे खिशात घालून घरी आणायचे. सगळं उचलून झाल्यावर नोकरी सोडली. साताऱ्यात त्यांच्या नाकासमोर तेच काम काढायची हिंमत नव्हती, म्हणून सांगलीला आलो, माधवनगरला घर केलं, कुपवाडला शेड घेतली. पुढं एकदा ते मालक साताऱ्याला पोवई नाक्यावर दिसले. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

दुसऱ्याचं असं काढून आणलेला माणूस पुढं कसा वागतो? तो आपल्या पोत्यांवरची नावं पुसतो. मी तर त्यापुढं गेलो. मी नावं पुसून वर खोटी कारणं चिकटवली.

माझा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन लोणंदजवळच्या आपल्या गावी परतला होता. घरच्या उसात त्याचं मन रमेना. मला भट्टीवर भरवशाचा माणूस हवा होता. मीच त्याला बोलावलं. आला तो पहिल्याच दिवशी शेडच्या दारात ताठ उभा राहून म्हणाला, "दाजी, हुकूम द्या. बाकी माज्यावर."

मला आत कुठंतरी बरं वाटलं. का म्हणून न विचारणारा माणूस मिळाला होता.

पण तोही माणूसच. कधीमधी विचारायचा. भट्टीच्या खोलीत पाणी न्यायचं नाही, हा माझा पहिला नियम. "का वो दाजी?" मी म्हणालो, "विजेचं काम आहे, शॉक बसेल." खरं कारण असं, की त्या रसात पाण्याचा थेंब बुडाला तर त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती रसाला घेऊन उसळते. दुसरा नियम, रसात जाणारी प्रत्येक वस्तू आदल्या दिवशी ओव्हनमध्ये भाजायची. ग्रॅफाइट वरून कोरडं दिसलं तरी आतून पावासारखं सच्छिद्र असतं, पाणी पिऊन बसतं. हे भाजण्याचं काम मी त्याच्या हाती दिलं नव्हतं. सकाळी लवकर येऊन स्वतःच उरकायचो. एकदा त्यानं पाहिलंच. "ह्या कांड्या भाजायच्या कशाला?"

"पावडर चांगली बसते," मी म्हणालो.

एवढंच. खोटं बोलताना मला काही मोठं केल्यासारखं वाटलं नाही. मिठांच्या डब्यांना मी रंगीत झाकणं लावली होती. त्याला लाल झाकणातलं दोन मापं, निळ्यातलं एक, एवढंच माहीत. लाल झाकणात काय आहे ते सांगितलं नाही, तसंच हेही. मला भीती एकच होती. एक दिवस ह्याला सगळं कळेल, हा लोणंदला शेड टाकेल आणि पोवई नाक्यावरच्या त्या मालकांच्या जागी मी उभा असेन.

तिसराही एक नियम होता. जुनी कांडी काढली की नवी लगेच सोडायची. रस रिकामा तापत ठेवला तर त्यातलं बोरॉन वाफेनं उडून जातं. एकदा तो चहा प्यायला गेला आणि रस उगाच तापत राहिला, तेव्हा मी त्याला चार माणसांत बोललो होतो. तो सावधानमध्ये उभा राहून ऐकत राहिला. ते त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

आता गेल्या वर्षीची नवमी.

सकाळी मी साहित्याच्या गाडीची वाट बघत फाटकावर होतो. बायको पूजेची तयारी करायला लवकर आली होती. मी आत आलो तर तिनं पाटावर लाल कापड घालून आमची हत्यारं मांडली होती. चिमटे, खरवडणी, पकडी. आणि कपाटातल्या सगळ्याच्या सगळ्या कांड्या. कांड्या चकाकत होत्या. प्रत्येकीवर हळदीकुंकवाची ओली बोटं.

"किती काळ्या करून ठेवल्या हुत्या," ती म्हणाली. "नळाखाली धरून काथ्यानं घासल्या. आता बघा की, कशा देवाच्या समईवानी झाल्यात."

मी बघितलं. मला त्याच क्षणी कळलं. तिथंच म्हणायला हवं होतं, की अगं, ह्या आता भाजल्याशिवाय भट्टीजवळ न्यायच्या नाहीत, नाहीतर माणूस मरेल. पण चाचा पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते, वसाहतीतले आणखी दोघे होते, मेहुणा नारळ घेऊन उभा होता. माणूस मरेल म्हटलं की पुढचा प्रश्न का. मी मनाशी म्हटलं, पूजा होऊ दे, सगळे गेले की गुपचूप ओव्हनमध्ये टाकतो. दुपारची कांडी उद्यावर ढकलतो.

नारळ फाटकाबाहेर फुटला, पाणी बाहेरच सांडलं. चाचा भट्टीच्या दाराकडे हात जोडून म्हणाले, "ही एकटीच नास्तिक हाय बघा आपल्या वसाहतीत, सणाला पण कामावर!" सगळे हसले. मीही हसलो. पोरं-कामगार सुट्टीवर होते. मला साताऱ्याला भावाकडे निघायचं होतं, दसऱ्याची पूजा तिकडं असते. मेहुण्याला म्हणालो, "दुपारची कांडी बदलायची तेवढी बदल." तोंडातून रोजचं वाक्य रोजच्यासारखं बाहेर पडलं. कांड्या पाटावर होत्या. मी गाडीत बसलो.

विसरलो. खरंच विसरलो. ह्यावर मी वर्षभर स्वतःची उलटतपासणी घेतली आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं. विसरणं हा माझा सगळ्यात लहान गुन्हा.

कराडच्या पुढं एका ढाब्यावर चहाला थांबलो. शेजारी एका ट्रकवाल्यानं आपले पाने, जॅक, टॉमी काढून पाइपनं धुवायला घेतले होते. धुऊन तो ते बॉनेटवर मांडत होता. एका पान्याच्या पोकळ दांड्यातून पाणी निघायचं थांबेना. त्यानं तो उभा धरला, झटकला, पुसला, ठेवला, तरी परत एक थेंब. मी तो थेंब बघत होतो आणि मला पाटावरच्या ओल्या कांड्या आठवल्या.

मेहुण्याला फोन लावला. वाजून बंद झाला. भट्टीच्या खोलीत फोन न्यायचा नाही, हाही माझाच नियम. मग बायकोला लावला. ती माधवनगरला घरी पोचली होती.

"आवं, पुरण वाटतीय, हात भरल्यात. काय?"

मी जे बोललो ते शब्द न् शब्द पाठ आहे. मी म्हणालो, "त्याला सांग, कांड्या धुतलेल्या आहेत, भाजून घे म्हणावं. नाहीतर पावडर नीट बसायची नाही."

"एवढंच व्हय? मला वाटलं काय झालं. सांगते."

"लवकर सांग."

"सांगते म्हनलं की."

आवाज मी मुद्दाम साधा ठेवला होता. माणूस मरायची वेळ होती आणि मी पावडरीचं बोलत होतो. दुसरं कारण सांगितलं असतं तर ती किंचाळत शेडवर धावली असती. माधवनगरहून कुपवाड काही लांब नाही. पण मग तिनं विचारलं असतं, तुमाला हे म्हाईत हुतं, तर त्याला कसं न्हाई म्हाईत? त्या एका प्रश्नाला मी इतका भीत होतो.

आणि मी परत फिरलो नाही. साताऱ्याकडे चालवत राहिलो. सांगितलं आहे ना, कळेल त्याला, असं स्वतःशी म्हणत. उंब्रजला गाडी बाजूला घेऊन परत फोन लावला, वाजत राहिला. मेहुणा आता पाटाकडे गेला असेल. आता हातमोजे घालत असेल. आता तोंडावर काच ओढत असेल. प्रत्येक गोष्ट मला इकडं गाडीत बसून दिसत होती आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवरच. नागठाण्याच्या अलीकडं चाचांचा फोन आला. त्यांना वाक्य जुळवता येत नव्हतं. "मीठवाले, उडालं वो. तुमचं मीठ उडालं. तुमच्या मेव्हण्यावर. मी टेंपोत घातलाय त्याला, मिरजेला चाललोय."

मग मी फिरलो.

काचेनं डोळे वाचले. मानेवर, डाव्या हातावर आणि हातमोज्याच्या आत रस गेला होता. दवाखान्याच्या बाकावर बायको बसली होती, पुरणाचे हात तसेच सुकलेले. ती रडत रडत सांगायला लागली. तो पाणी प्यायला खोलीबाहेर आला तेव्हा त्यानं माझे न उचललेले फोन बघितले आणि आधी बहिणीला लावला. तिनं निरोप दिला होता. "मी म्हनलं, दाजी म्हनत्यात कांड्या भाजून घे, न्हाईतर पावडर बसायची न्हाई. तर म्हनतो कसा, आक्का, एक डाव पावडर कमी बसली तर चालंल, पर रस रिकामा ठिवला तर दाजी मला उभा चिरत्याल."

म्हणजे निरोप वेळेवर पोचला होता. त्यानं माझ्याच दोन नियमांची तुलना केली, मी दिलेल्या कारणांवरून, आणि त्या कारणांप्रमाणे अगदी बरोबर निर्णय घेतला.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा मलाच बोलावलं. बँडेजमधून बोटं बाहेर काढायची धडपड करत म्हणाला, "दाजी, हुकूम मोडला मी. आन् नवमीला हत्यार चालवलं. दोनी चुका माज्याच. देवीनं दावलं मला."

तो क्षण माझ्यासमोर ताटात वाढल्यासारखा ठेवलेला होता. मी म्हणालो, "असू दे. आता बोलू नकोस."

तो माझा मोठेपणा समजला. बायकोही समजली. घरी आल्यावर तिनं मला गरम गरम चहा करून दिला आणि म्हणाली, "दुसरा असता तर कामावरनं काढला असता त्याला. तुमी ब्र काढला न्हाई." तो चहा मी प्यायलो.

पुढचं वर्षभर मी त्याच्याकडे बघत होतो. डाव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. मानेवरची कातडी ताणली जाते म्हणून तो मान वळवत नाही, अख्खा वळतो. पण एवढंच नाही. फौजेतला त्याचा तो मोठा आवाज गेला. पंखा बंद करू का, दार लावू का, झाडून घेऊ का, प्रत्येक गोष्टीला विचारायला लागला. कांडी सोडायची वेळ झाली की उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहायचा. गावच्या देवीला अनवाणी जाऊन आला. नवमीला हत्यार चालवणार नाही म्हणून शपथ घेऊन आला. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली, झोपेत उठून बसत्यात आणि म्हनत्यात हुकूम, हुकूम.

सांगायचं मी रोज ठरवायचो. आणि रोज एक कारण सापडायचं. सगळ्यात चांगलं कारण हे, की खरं सांगितलं तर बायकोला कळेल की कांड्या तिनं धुतल्या म्हणून हे झालं. तिच्या मनाला हे लागून राहील. मी तिला जपतोय. ह्या कारणाचा मला फार आधार वाटायचा. ते अर्धं खरंही होतं, म्हणून तर इतकं टिकलं.

यंदा गणपती गेल्यावर एका दुपारी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "दाजी, दसरा झाला की मी गावाकडं जातो. लोनंदला एका गोदामावर राखनदार पायजे. ह्या भट्टीला माजा हात चालत न्हाई."

"असं काही नसतं रे."

"हाय की. तुमी बोलत न्हाई म्हनून, पर तुमाला बी म्हाईत हाय." आणि तो हसला, मला समजून घेतल्यासारखं. ते हसणं घेऊन मी नवमीपर्यंतचे दिवस काढले. तो गेला असता तर लोणंदच्या कुठल्या तरी फाटकावर बसून उरलेलं आयुष्य स्वतःच्या हाताकडे बघत राहिला असता. आणि मी माधवनगरला चांगला माणूस म्हणून जगलो असतो.

नवमीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडवर गेलो. सगळ्या कांड्या ओव्हनमध्ये घातल्या, ओव्हन चालू केलं आणि शेडच्या दाराला पाठ टेकून बसलो. बायको आली. पाट मांडला, लाल कापड घातलं, चिमटे ठेवले. कपाट उघडलं.

"कांड्या कुठायत?"

"यंदा कांड्या राहू देत."

"राहू देत काय? हत्यारं न्हाईत ती? द्या हिकडं, धुऊन घेते."

"धुवायच्या नाहीत."

"का?"

चाचा पुडा घेऊन आले होते. मेहुणा नारळ घेऊन उंबऱ्याबाहेर, अख्खा वळून माझ्याकडे बघत. तीच माणसं, तीच जागा. तोच प्रश्न.

मी फार वाईट सांगितलं. वर्षभर मनात घोळवलेलं एकही वाक्य आलं नाही. मी ग्रॅफाइटपासून सुरुवात केली. ते सच्छिद्र असतं, म्हणालो. पावासारखं. मग वाफेचं. चाचा म्हणाले, "आज पूजेला शाळा भरवली का?" मी थांबलो नाही. ओली कांडी रसात गेली की रस उडतो, म्हणालो. पाणी आत न्यायचं नाही ते शॉकसाठी नाही, ह्यासाठी. भाजायचं ते पावडरीसाठी नाही, ह्यासाठी. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गेल्या वर्षी धुतलेल्या कांड्या मी इथं पाटावर बघितल्या होत्या. बघून गप्प बसलो.



बायकोच्या हातात निरांजनाचं ताट होतं. ती ते खाली ठेवेना. "म्हंजी मी..." ती म्हणाली. "माज्या हातानं..."

"न्हाई आक्का," मेहुणा म्हणाला. "तू धुतल्यास. ह्यांनी बघितलं."

चाचांनी पुडा हळूच पाटाच्या कडेला ठेवला आणि "मी येतो मागनं" म्हणून निघून गेले.

मेहुण्यानं नारळ उंबऱ्यावर ठेवला. "फोनवर आक्काला काय सांगितलंसा? पावडर बसायची न्हाई. व्हय ना?"

"व्हय."

"रस उडंल म्हनला असता तर?"

"तर तू आत गेला नसतास."

"नसतोच गेलो." तो स्वतःशी बोलल्यासारखं बोलला. "म्या देवीला किती नाक घासलं. घरात बायकू-पोरास्नी सांगितलं, बाप चुकला म्हनून. फौजंत नव्या जवानाच्या हातात ग्रेनेड द्यायच्या आधी सांगत्यात, पिन काढल्यावर काय हुतंय. सांगितल्याबिगर कुनी देत न्हाई. तुमी दिला की गड्या!"

आजवर त्यानं मला कधी गड्या म्हटलं नव्हतं. साताऱ्याच्या मालकांचं, पोत्यांवरच्या नावांचं, लोणंदला तू शेड टाकशील ह्या भीतीचं, तेही सांगून टाकलं. ते ऐकून तो पहिल्यांदा खरा चिडला. "शेड? मी? मला गाडीचं पंक्चर काडता येत न्हाई धड!" आणि मग हाताची ती दोन वाकडी बोटं माझ्यासमोर धरून, आवाज न चढवता म्हणाला, "लाल झाकनात काय हाय?"

मी सांगितलं.

"निळ्यात?"

तेही सांगितलं. त्यानं नारळ उचलला आणि न फोडताच घेऊन गेला. बायकोनं एकटीनं पूजा केली, चिमट्यांची. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी जेवायला वाढताना एकच वाक्य म्हणाली, "त्या दिवशीचा चहा मला परत मागून घ्यावासा वाटतोय."

दसऱ्याला मेहुणा घरी आला. बहिणीच्या हातात आपट्याची पानं ठेवली, तिच्या पाया पडला, तिनं त्याच्या मानेवरच्या कातडीवरून हात फिरवला आणि दोघंही रडली. मी दारात उभा होतो. माझ्या हातात त्यानं पान ठेवलं नाही. गोदामाचं काय झालं, हे विचारायचा मला हक्क नव्हता. तो खरंच गेला तर, ही भीती होतीच, पण ती आता साधी भीती होती, कसलंही ओझं नसलेली.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर पोचलो तेव्हा तो भट्टीच्या खोलीत होता. उंबऱ्याच्या आत. हातमोजे घातलेला, काच कपाळावर.

"कांडी बदलायची हाय. वेळ झाली," तो म्हणाला. "मी सोडतो. तुमी सांगत ऱ्हावा. परतेक गोष्ट. का म्हनून."

मी सांगत राहिलो. ओव्हनमधली कांडी गरम आहे तोवरच का न्यायची. चिमटासुद्धा का भाजलेला हवा. रसाच्या तोंडावर कांडी आधी थोडा वेळ का धरायची, राहिलीच असेल ओल तर ती वरच्या वर निघून जावी म्हणून. मी इतकं सलग कधी बोललो नसेन. तो ऐकत ऐकत भट्टीच्या तोंडाशी आला आणि थांबला. मग जिथं तो गेल्या वर्षी उभा होता, त्या जागेकडे हनुवटी केली.

"तुमी तितं उभं ऱ्हावा."

मी काच ओढली आणि तिथं जाऊन उभा राहिलो. कांडी मी स्वतः ओव्हनमध्ये घातली होती. दोन दिवस भाजलेली, ओलीचा अंश उरणं शक्य नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी माझे पाय लटपटायला लागले. खाली रस केशरी, शांत. गेल्या वर्षी तो इथंच उभा होता आणि त्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्याचे पाय लटपटलेही नसतील.

त्यानं काचेतून माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सावकाश कांडी खाली सोडली.

रस हलला नाही. त्यानं खटका दाबला, विजेचा काटा वर चढून स्थिर झाला. तो मागे सरला, काच वर केली, घाम पुसला.

"निळ्या झाकनाचं परत सांगा," तो म्हणाला. "परवा माजं ध्यान नव्हतं."